ऑपरेशन स्वतः मागून घेतलं म्हणून दुखतंय म्हणायचं नाही?

(पत्र थोडक्यात: वय २६, ट्रान्स पुरुष, गाव साताऱ्याकडचं, नोकरी पुण्यात. टॉप सर्जरी (स्तन काढून छाती सपाट करायचं ऑपरेशन) होऊन १२ दिवस झालेत. छाती आवळल्यासारखी, काखेखाली करंट लागल्यासारखे झटके, पाठीवर झोपून झोपून जीव नकोसा झालाय. परवा ड्रेसिंग बदलताना आरशात बघून रडू आलं. आईला फोनवर सांगितलं तर "तुलाच हौस होती ना, आता सोस" म्हणाली. विचारतोय की मी चुकलो का, आणि मला तक्रार करायचा हक्क तरी आहे का.)

अरे राजा, हक्काचं आधी बोलू, कारण तेच तुला जास्त खातंय असं पत्रावरून वाटतं. आहे हक्क, पूर्ण आहे. गुडघा बदलून घेणारे आजोबा पण स्वतःच सही करतात, त्यांना दुखलं की सगळं घर पाय चेपायला बसतं, त्यांची हौस कुणी काढत नाही. तू इतकी वर्षं वाट बघितलीस, सायकिअ‍ॅट्रिस्टची पत्रं गोळा केलीस, पैसे साठवलेस, आणि आता दुखतंय म्हटलं तर लोक म्हणतील बघा पस्तावला, या भीतीने तू गप्प बसून सोसतोयस. नको सोसू. पेनकिलर डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला घे, असह्य होईपर्यंत थांबू नकोस, एकदा दुखणं चढलं की ते उतरायला फार वेळ लागतो. आणि त्यात ट्रामाडॉल असेल तर पोट साफ होत नाही, भरपूर पाणी पी आणि इसबगोल चालेल का ते डॉक्टरांना विचार, कुंथून छातीवर ताण देण्यापेक्षा ते बरं.

ते झटके म्हणशील तर ऑपरेशनमध्ये कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत जुळताना अशा चमका येतात, काही महिने येऊ शकतात, काही भाग बधिरही राहू शकतो. निपल ग्राफ्ट केले असतील, म्हणजे काढून परत नव्या जागी लावले असतील, तर त्यावर काळपट खपली धरते, ती बघून भल्याभल्यांचा धीर सुटतो, पण खालून नवी गुलाबी कातडी येत असते, फक्त ती ओढून काढू नकोस. सूज पण दोन्हीकडे सारखी उतरत नाही. व्रण आधी लाल आणि जाड दिसतात, फिके पडायला वर्ष-दीड वर्ष जातं, त्यामुळे आत्ता आरशात जे दिसतंय तो निकाल नाहीये रे.

आणि रडू. भूल, औषधं, अर्धवट झोप, धड अंघोळ नाही, दिवसभर चार भिंती, कुणालाही रडू येईल. ऑपरेशननंतर असं मन खाली जाणं इतकं कॉमन आहे की ते आधीच सांगून ठेवायला हवं होतं, यावरून चुकलो की बरोबर हे ठरवूच नकोस. दीडेक महिन्याने पण हे असंच राहिलं तर काउन्सेलरकडे जा, आणि रात्री एकट्याला फार जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

झोपताना पाठीमागे लोड आणि दोन्ही हातांखाली एकेक उशी घे, अर्धवट बसल्यासारखं झोपलं की ताण कमी होतो. वरच्या फळीवरचं सगळं रूममेटला खाली काढायला लाव, डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. शर्ट पुढून बटणांचेच. फॉलोअपला बाइकवर मागे बसून अजिबात जाऊ नकोस, पुण्यातले खड्डे माहितीयेत ना, कॅब कर. छातीवर घालायला दिलेल्या घट्ट वेस्टच्या आत खाज सुटली तर पट्टी-पेन काही घालू नकोस. आणि सिगरेट ओढत असशील तर आत्ता तरी बंद, निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो आणि ग्राफ्ट जाऊ शकतो.

मात्र एक बाजू अचानक टम्म फुगली, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, पू किंवा घाण वास आला, लाली पसरत चालली, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर सकाळची वाट बघायची नाही, सर्जनला फोन आणि सरळ कॅज्युअल्टी. तिथे लोक कसे बघतील म्हणून थांबू नकोस, रूममेटला सोबत ने, डिस्चार्ज पेपरचा फोटो मोबाईलमध्ये ठेव. ट्रान्स आहे म्हणून उपचार नाकारणं २०१९ च्या कायद्याने बेकायदा आहे, ठामपणे सांग.

आईचं बोलणं मला पण लागलं. तिला आत्ता पटवत बसू नकोस, तेवढी ताकद नाहीये तुझ्यात. वाटलं तर फक्त पेज कशी करायची ते विचार, सांगितलं तर छान, नाही सांगितलं तर काही दिवस फोन रूममेटला उचलू दे. आणि फॉलोअपच्या आधी झटके, खाज, झोप, रडू सगळं मोबाईलमध्ये लिहून ने आणि डॉक्टरांना वाचून दाखव, "बाकी ठीक आहे" म्हणून परत येऊ नकोस.

तुझी,
ताई