दुखत नाही, मग दाखवायचं कामून?

मी दातांची डॉक्टर, आणि दातांचे प्रश्न या महिन्यात लई आलेत. बहुतेकांत एकच वाक्य आहे, "तसं दुखत नाही पण..." म्हणून तेच धरून बोलते. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही जिंतूर तालुक्यातले. घरात सासू सासरे, आम्ही दोघं, मुलगा 7 वर्षांचा आन् मुलगी 2 वर्षांची. शाळेत डॉक्टर लोक आले होते, त्यांनी मुलाच्या दोन दाढांना कीड आहे म्हणून लिहून दिलं. मामंजी म्हणायलेत दुधाचे दात आहेत, पडणारच, पैसे कामून घालायचे. आणि दर सहा महिन्याला सगळ्या घरानं दात दाखवायचे म्हणतात ते खरंच गरजेचं आहे का? दुखायलंय कुणाचंच नाही.

उत्तर : ताई, मामंजींचं म्हणणं पुढच्या दातांपुरतं बऱ्यापैकी खरं आहे, ते सहा-सात वर्षांत पडायला लागतात. पण दुधाच्या दाढा पडतात दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान. म्हणजे तुमच्या मुलाला त्या किडक्या दाढांवर अजून तीन ते पाच वर्षं भाकर चावायचीय. त्या मुळापर्यंत किडल्या तर रात्री अपरात्री दुखणार, सूज येणार, आणि खाली पक्का दात तयार होत असतो त्यालाही त्या पू-चा त्रास होऊ शकतो. बरं काढून टाकली तर शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत सरकते, मग पक्का दात यायला जागा राहत नाही, तो वाकडा येतो किंवा अडकून बसतो, आणि तेव्हा तारा लावायचा खर्च बघून हेच मामंजी म्हणतील की आधीच का नाही दाखवलं. तेव्हा आता लगेच न्या, या वयात बऱ्याचदा साध्या फिलिंगवर भागतं.

आणि नेलं की डॉक्टरांना मुद्दाम विचारा, सहा वर्षांची दाढ कशी आहे. हे मी प्रत्येक आईला सांगते कारण ही दाढ फसवते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं चारी बाजूला एकेक नवी दाढ येते, ती यायला कुठलाच दात पडत नाही म्हणून घरात कुणाला कळतसुद्धा नाही, सगळ्यांना वाटतं ही पण दुधाचीच. ती पक्की असते, जन्मभराची. आणि तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात बिस्किट अडकतं, ब्रश तिथवर पोचत नाही, आणि आठ-नऊ वर्षांची लेकरं माझ्याकडं येतात तेव्हा ती दाढ अर्धी गेलेली असते आणि आई म्हणते दुधाचीय ना. त्या वेळेस मला खरंच वाईट वाटतं, कारण वेळेवर दाखवलं असतं तर त्या खाचा सीलंटनं बुजवता आल्या असत्या, इंजेक्शन नाही, दुखणं नाही, थोड्या वेळाचं काम.

आता दुखत नाही त्याचं. दाताचं वरचं पांढरं कवच असतं त्याला नसच नसते, त्यामुळं कीड त्यातून जाते तोवर काहीच जाणवत नाही. सुरुवातीला तर खडूसारखा पांढरट डाग असतो नुसता, त्या टप्प्याला फ्लोराइड लावून, गोड खाणं आवरून ते थांबवता येतं, ड्रिल लागतच नाही. पुढं खड्डा पडतो, थंड-गोड लागतं. नसेपर्यंत गेली की मग ठणका. म्हणजे दुखायला लागलं तेव्हा फिलिंगची वेळ बहुतेक गेलेली असते, आता रूट कॅनल आणि कॅप, नाहीतर काढा. फिलिंगचा हिशोब शेकड्यात असतो, रूट कॅनल-कॅपचा हजारात, आणि परभणीला चार चकरा, शेतातला रोज बुडतो ते वेगळंच.

सहा महिने हा आकडा काही सगळ्यांना सारखा नाही. ज्याला कीड लवकर लागते, शुगर आहे, तंबाखू आहे, हिरड्यातून रक्त येतं, त्यानं सहा महिन्याला यावं, कधी त्याआधीही. ज्याचं तोंड चांगलं आहे, सवयी चांगल्या आहेत त्या मोठ्या माणसाला वर्षानं चालतं. लेकरांना मात्र सहा महिनेच धरा, कारण त्यांच्या तोंडात दर काही महिन्यांनी काहीतरी बदलतच असतं. तुमची दोन वर्षांची मुलगी पण न्या हो, पहिला वाढदिवस झाला की पहिली तपासणी व्हायला पाहिजे, तिचा उशीरच झालाय. तिला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवत असाल तर आजपासून बंद करा, झोपेत लाळ कमी सुटते आणि ते दूध रात्रभर दातावर बसतं. तिला पेस्ट द्या ती तांदळाच्या दाण्याएवढी, मुलाला वाटाण्याएवढी, दोघांना फ्लोराइडवालीच, आणि ब्रश तुम्ही हातात धरायचा, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत लेकराला स्वतः नीट घासता येत नाही.

सगळ्या घरानं एकाच दिवशी जा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, अशी वेळ ठरली की लक्षात राहते. आणि आजीनं न रडता तोंड उघडलेलं नातवानं बघितलं की त्याची अर्धी भीती जाते, हे मी कितीदा बघितलंय.

प्रश्न : मॅडम, आम्ही वडवणीकडचे, दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जातो, मार्च-एप्रिलला परत. मागच्या साली फडावर बायकोची दाढ सुजली, आठ दिवस मेडिकलच्या गोळ्यावर काढले, उचल घेतलेली, काम सोडता येईना. लेकरं पण सोबत असतात. आमच्यासारख्यानं चेकअप कधी करायचं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वहिनींची ती सूज हलकी नव्हती. दाढेची सूज जबड्याखाली, गळ्याकडं उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर ते जिवावर बेततं, तेव्हा मुकादम काहीही म्हणो, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. गोळीनं ठणका दबतो, दाढेतला पू तिथंच असतो. ती दाढ पुढं कुणी बघितली का? तुम्ही लिहिलं नाही. बघितली नसेल तर तीच यंदा परत उठेल.

तुमच्यासाठी वेळ म्हणजे गणपती ते दसरा. दिवाळीच्या तोंडावर आलात तर फक्त गोळ्या मिळतील, पण महिना-दीड महिना हातात असला तर तपासून, फिलिंग करून, काढायची ती दाढ काढून जखम भरलेलीसुद्धा असते जायच्या आधी. बीडच्या जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. मोठं काम निघालं तर छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्याजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं खासगीपेक्षा खूप कमी खर्चात होतं, चकरा मात्र पडतात, म्हणून पण लवकर जायचं.

अजून एक, लेकरांचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, 2013 पासून हे चालू आहे, त्यात दातही बघतात. पण ती गाडी जानेवारीत आली आणि तुमचं लेकरू तेव्हा फडावर असलं तर त्याचं राहूनच जातं. म्हणून बाईंना, अंगणवाडी सेविकेला जायच्या आधी विचारून घ्या की आमच्या लेकराची तपासणी झाली का, नाही झाली तर गाडी कुठल्या दिवशी कुठं येणारै. विचारायला लाजू नका, तपासणी हा लेकरांचा हक्क आहे. सामानात ब्रश आणि पेस्ट बांधून घ्या, राखुंडी-कोळसा नको, त्यानं दात झिजतात. दिवसभर ऊस चोखणाऱ्या लेकराला नंतर पाण्यानं चूळ भरायला लावा.

प्रश्न : किनवट भागातून लिहितेय. माझ्या मुलीच्या पक्क्या दातांवर पिवळे, तपकिरी पट्टे आहेत. ती हसताना तोंडावर हात धरते. मिठानं घासून पण जात नाहीत.

उत्तर : आधी ते मीठ बंद करा, आणि मुलीला सांगा की तू दात घासत नाहीस म्हणून हे झालेलं नाही. तुमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं पूर्वीपासून माहीत आहे. एका लिटरला 1.5 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा, त्याहून जास्त पाणी लहानपणी, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत पोटात गेलं तर हिरडीत दात तयार होतानाच त्याच्या कवचात दोष राहतो. डाग वरून लागलेला नसतो, म्हणून घासून जात नाही. दाताच्या डॉक्टरांकडं यावर इलाज आहेत, हलका थर घासून काढणं, दाताच्या रंगाचं मटेरियल लावणं वगैरे, किती खोल आहे बघून ठरवतात.

पण घरात अजून लहान लेकरं असतील तर पाणी आधी तपासा. ग्रामपंचायतीला किटवर तपासायला सांगा किंवा नमुना भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत द्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही हं, उलट पाणी आटून ते जास्त घट्ट होतं, आणि साध्या कँडलच्या फिल्टरनंही जात नाही. आरओनं जातं. तोवर पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी वापरा. अशा गावात लेकरानं पेस्ट गिळू नये याकडं पण लक्ष द्या. आणि मुलीनं तोंडावर हात धरणं... ताई, याला वेळ लावू नका, ती शाळेत बोलायची थांबेल.

प्रश्न : सासूबाई 58 वर्षांच्या, चाळीस वर्षांपासून मिसरी लावतात. दात एकदम घट्ट आहेत म्हणतात, डॉक्टर कशाला. औसा.

उत्तर : माझी आई पण लावायची, त्यामुळं हे काय असतं मला माहीत आहे, सकाळी मिसरी लावल्याशिवाय त्यांना सुधरत नाही. पण मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घट्ट असोत की हालत असोत, मला बघायचाय तो गालाचा आतला भाग, ओठाची आतली बाजू, जीभेच्या कडा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम आहे का, तिखट लागल्यावर आग होते का, तोंडात आपली तीन बोटं उभी जातात का. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, दाताच्या तपासणीत तो लवकर सापडतो आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. घरात कुणी गुटखा खात असेल तर त्यालाही सोबत आणा, राज्यात 2012 पासून बंदी आहे पण पुड्या कुठं मिळतात ते सगळ्यांना माहितीय. सासूबाईंना भांडून आणू नका. नातवाचे दात दाखवायचेत, चला सोबत म्हणा, मी खुर्चीत बसवीन त्यांना. आणि शुगर तपासलेली नसेल तर ती पण करून घ्या, शुगरनं हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही.

प्रश्न : दात क्लीन केले की हालायला लागतात आणि वरची दाढ काढली की नजर जाते, हे खरं का? सेलू.

उत्तर : दोन्ही खोटं. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. दात हालतात ते आत साठलेल्या दगडासारख्या किटणामुळं हिरडी आणि हाड खाली गेलेलं असतं म्हणून, ते किटण काढलं की आधीच सैल झालेलं आता कळतं इतकंच. ते तसंच राहिलं असतं तर दात पुढं पडलासुद्धा असता. आणि हो, बाजारात बसून दाढेतून किडा काढून दाखवणाऱ्याकडं जाऊ नका, दाढेत किडा नसतोच, तो त्यानं सोबत आणलेला असतो.