नकलबॉल टाकणाऱ्या मुलाच्या आईला

न्यू जर्सीहून आलेलं पत्र थोडक्यात असं: मुलगा अकरावीत आहे, हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. फास्टबॉल, म्हणजे सरळ वेगवान चेंडू, ताशी 78 मैलांच्या वर जात नाही, पण व्हिडिओ पाहून शिकलेला नकलबॉल (जवळजवळ न फिरता येणारा, मध्येच वळणारा मंद चेंडू) भल्याभल्यांना चकवतो. कोच म्हणतात, असले चेंडू आता कुणी विचारत नाही, वेग वाढव. बाबा म्हणतात, खेळ पुरे, अभ्यासाकडे बघ. आई विचारतात, कोणाचं ऐकू?

नमस्कार ताई,

कोच काही वावगं बोलत नाहीयेत, हे आधीच सांगतो. 2012 साली न्यूयॉर्क मेट्सच्या आर. ए. डिकीने नकलबॉलच्या जोरावर 20 सामने जिंकले आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. नकलबॉलवाल्याला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. आता पोरं हा चेंडू शिकायला धावतील असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. डिकी 2017 नंतर खेळला नाही आणि बॉस्टनचा नकलबॉलवाला स्टीव्हन राइट 2019 नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, दिसला नाही. त्यानंतर नाव घ्यावं असा मॅट वॉल्ड्रन, पण तोही नकलबॉल बाकीच्या चेंडूंत मिसळून टाकतो. स्क्रूबॉलचंही, म्हणजे नेहमीच्या उलट बाजूला वळणाऱ्या चेंडूचंही, तेच. 1981 मध्ये फर्नांडो व्हॅलेन्झुएलाने त्यावर अख्ख्या लॉस एंजेलिसला वेड लावलं होतं. आज तो शोधावा लागतो.

नकलबॉल किती नाजूक असतो ते तुमच्या मुलाला ठाऊक असेलच. नखं शिवणीजवळ रोवायची, मनगट ताठ ठेवायचं आणि चेंडू जवळजवळ न फिरवता ढकलायचा. जरा जास्त फिरला की तो निव्वळ मंद चेंडू उरतो आणि बॅटरची चंगळ होते. शिवाय तो झेलणारा माणूस लागतो. बॉस्टनच्या टिम वेकफिल्डसाठी डग मिराबेली नावाचा कॅचर जणू राखीवच होता. त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकल्यावर 2006 मध्ये बॉस्टनला तो परत आणावा लागला. त्याच रात्रीच्या सामन्यासाठी पोलिसांच्या गाडीतून त्याला मैदानावर पोचवलं, कपडेही त्याने गाडीतच बदलले. एका पिचरसाठी एवढी उठाठेव आता कोणता क्लब करील?

पण मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. वेकफिल्ड आणि डिकी दोघेही नकलबॉल घेऊन आत शिरलेले नाहीत. वेकफिल्डला 1988 मध्ये पिट्सबर्गने बॅटिंगसाठी निवडलं होतं. ती जमेना म्हणून तो पिचर झाला. डिकीच्या कोपरात एक लिगामेंटच नाही असं तपासणीत निघालं आणि करारावेळचा 8,10,000 डॉलर्सचा बोनस 75,000 वर आला. नकलबॉलकडे तो कित्येक वर्षांनी वळला. साय यंग मिळाला तेव्हा 38 वर्षांचा होता. इतका वळसा घ्यायला खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं जागा मिळावी लागते, आणि तीच आटली आहे. 2021 पासून मेजर लीगशी संलग्न मायनर, म्हणजे खालच्या लीगमधले, संघ 120 वर आले, ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) फेऱ्या 40 वरून 20 झाल्या. वेग मोजणाऱ्या रडार गनवरचा आकडा स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याला, एका संध्याकाळी कळतो. नकलबॉल पिकायची वाट बघायला त्याला सवड नाही.

मग सोडून द्यायचा का? मुळीच नाही. नकलबॉल राहू दे, पण तेवढ्याच भांडवलावर कॉलेजचा दरवाजा ठोठावू नका. जोडीला नेमका पडणारा फास्टबॉल हवाच. आगळेपणाला आजही वाव आहे. टायलर रॉजर्स जमिनीलगत हात नेऊन टाकतो, वेग ऐंशीच्या थोडा वर, आणि 2019 मध्ये 28 व्या वर्षी मेजर लीगमध्ये आला तो टिकला. मात्र तो रिलीव्हर आहे, सामना सुरू झाल्यावर बदली म्हणून येणारा पिचर, एखाद-दुसऱ्या इनिंगपुरता.

वेग वाढवायला कोचनी व्यायाम दिला तर करू द्या, घाई मात्र नको. पिचरांच्या वाढत्या दुखापतींमागे वेगाचा हव्यास आहे, असं मेजर लीगच्याच 2024 च्या अहवालात म्हटलंय. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दिवसाला 95 च्या वर चेंडू टाकू नयेत, ही मार्गदर्शक मर्यादा पाळा. नकलबॉलही मोजायचा, हाताला सोपा वाटला तरी.

बाबांचं म्हणणं मला पटतं, पण ‘खेळ पुरे’ हे नाही. एनसीएए या अमेरिकी कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप मिळत नाही; तिथे अभ्यासात चांगली असलेली बरीच कॉलेजं आहेत आणि कोचला मुलगा हवा असेल तर प्रवेशाला हातभार लागू शकतो. तुमच्या मुलाने आधी तिथे लिहावं. न फिरणारा चेंडू मध्येच का वळतो, हे त्याला विचारून बघा. युटा स्टेट विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक असताना बार्टन स्मिथ यांनी चेंडूच्या शिवणीमुळे हवेचा प्रवाह कसा सरकतो यावर काम केलं, आणि आज क्लब त्या ज्ञानावर चेंडू टाकण्याच्या नव्या तऱ्हा घडवतात. हाय-स्पीड कॅमेऱ्यासमोर बसून पिचरला बोटं कुठे ठेवायची हे सांगणारी माणसं क्लब पगारावर ठेवतात. मुलाने उत्तर देताना कागद-पेन्सिल ओढली, तर फिजिक्स आणि कॅल्क्युलस पुढच्या वर्षी सोडू देऊ नका.

कोचेसना ईमेल त्याने स्वतः लिहावी, तुम्ही नाही. सोबत दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ जोडा, कॅचरच्या मागून घेतलेला, म्हणजे चेंडू वळताना दिसतो. फास्टबॉल आधी, नकलबॉल नंतर.