ध्यानाला वेळ नाही, नोकरी आणि संसार आहे. बुद्धाची शिकवण रोजच्या जगण्यात कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की आयटीत नोकरी आहे, डोळे मिटले की उद्याची मीटिंग आठवते आणि जन्माने बौद्धही नाही, तर सुरुवात कुठून करू. हा प्रश्न थेट बुद्धालाच विचारला गेलेला आहे. कोलियांच्या कक्करपत्त गावात दीघजाणू नावाचा गृहस्थ आला आणि म्हणाला, भन्ते, आम्ही पोराबाळांच्या गराड्यात राहणारी माणसं. काशीचं चंदन लावतो, हार-अत्तरं वापरतो, सोनं-नाणं बाळगतो. आमच्यासारख्यांना कामी येईल असा धम्म सांगा. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातलं हे सुत्त, म्हणजे उपदेश.

त्याला काही बुद्धाने 'आधी ध्यानाला बस' असं सांगितलं नाही. आपल्या कामात तरबेज हो, आळस करू नको. घाम गाळून मिळवलेलं सांभाळ. चांगल्यांची संगत धर. आणि आवक-जावक ओळखून खर्च कर, उधळूही नको नि चिकटपणाही करू नको. श्रद्धा, शील, त्याग, प्रज्ञा यांचं बोलणं त्यानंतर येतं. हा क्रम मला फार आवडतो.

मी नागपुरात एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते, त्यामुळे ती चौथी गोष्ट, म्हणजे समजीविता, रोज समोर येते. अर्जात 'कर्जाचे कारण' असा रकाना असतो. तिथे 'घरदुरुस्ती' लिहिलेलं असतं, आणि थोड्या दिवसांनी त्याच घरची लग्नपत्रिका टेबलावर येते. खरं तर आमच्या बौद्धांकडचं लग्न किती सुटसुटीत! पांढरी साडी, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार, त्रिसरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, झालं. कर्ज लागतं ते लॉनला, डीजेला आणि चायनीजच्या काउंटरला. कमाई तुटपुंजी आणि थाट श्रीमंती अशा माणसाला त्याच सुत्तात 'उंबर खाणारा' म्हटलंय: अख्खं झाड गदागदा हलवायचं, चार फळं खायची, बाकीची मातीत.

पैसा कुठून गळतो तेही तिथेच सांगितलंय: बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार, वाईट संगत. जुगाराला आता क्लबात जावं लागत नाही. वायदे-ऑप्शन खेळणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोट्यात होते, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलं. तरी आमच्याकडे हप्ता थकलेला माणूस 'रिकव्हर होईल मॅडम' म्हणत मोबाइलवरचा हिरवा-लाल आलेख दाखवतो.

पण खरी गंमत सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृहाबाहेर सिगाल नावाचा तरुण ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करत होता, बापाने मरताना सांगितलं होतं म्हणून. बुद्ध त्याला म्हणाले, दिशा म्हणजे माणसं: आईवडील, गुरू, बायकापोरं, मित्र, श्रमण-ब्राह्मण, आणि खालची दिशा म्हणजे तुझ्या घरात, तुझ्या हाताखाली राबणारे. त्यांच्यासाठी मालकाने काय करायचं? झेपेल एवढंच काम द्यायचं. जेवण आणि पगार द्यायचा. आजारपणात बघायचं. घरात काही खास केलं की वाटून खायचं. आणि वेळेवर सुट्टी द्यायची.

आता कुठल्याही बिल्डिंगमधल्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघा. दुधाच्या आकड्यांशेजारी कामाच्या बाईच्या खाड्यांच्या फुल्या. ती तापाने पडली तरी फुली, पोराला दवाखान्यात नेलं तरी फुली, आणि महिनाअखेरीस हिशेब करून पैसे कापायचे. सोसायटीच्या ग्रुपवर तर 'कोणी रेट वाढवू नका' असा ठरावच होतो. त्याच ग्रुपवर सकाळी बुद्धाच्या चित्रासकट शांतीचे सुविचार येतात, तो भाग वेगळा. आमच्या घरी फुल्या मारत नाहीत. आठवड्याची सुट्टी ठरलेली, आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत. दिवाळीचा फराळ तिला पहिल्या दिवशी जातो. भाऊबिजेनंतर उरलेला, नरम पडलेला चिवडा पिशवीत भरून देणं म्हणजे वाटून खाणं नव्हे.

तुमच्या हाताखाली टीम असेल तर हेच तिथेही लावा. रात्री अकराला 'जस्ट अ क्विक वन' असा मेसेज टाकायचा नाही. रजेवर गेलेल्याला फोन करायचा नाही. एवढं जमलं तर मला ते सकाळच्या वीस मिनिटांच्या ध्यानापेक्षा मोठं वाटेल.

ध्यान वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर करून माणसं शांत होऊन आलेली पाहिली आहेत, रजा मिळाली तर जा. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात धम्म सामाजिक आहे असं स्पष्ट मांडलंय: एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की ती पडते. त्यामुळे धम्म पाळता की नाही हे तुमच्या उशी-आसनावरून कळणार नाही, तुमच्या कामाच्या बाईला आणि ज्युनियरला विचारावं लागेल.

बोलण्याबद्दल थोडक्यात: खरं, वेळेवर, मऊ शब्दांत, समोरच्याच्या हिताचं आणि मनात मैत्री ठेवून बोला. फॉरवर्ड ढकलण्याआधी यातल्या पहिल्या अटीवरच बहुतेक गळतील.

राहिला बौद्ध असण्याचा प्रश्न. पंचशील पाळायला कोणाची परवानगी लागत नाही. पाचवं शील दारूचं, आणि 'सुरामेरय' म्हणताना आवाज बारीक होणारे आमच्यातही आहेत, तेव्हा तुम्ही एकटे नाही. मात्र १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा देताना बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा वेगळ्या. त्या सोयीच्या तेवढ्या निवडून घेता येत नाहीत. त्यांचा विचार सावकाश करा. तोवर घराजवळच्या विहारात रविवारी वंदना असेल तर जाऊन मागे बसा. शक्यतो कोणी आडनाव विचारणार नाही. विचारलंच तर त्याला नववी प्रतिज्ञा म्हणायला सांगा: सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मी मानतो.