सल्ला-मसलत : जखमी कामगार परत कामावर येतो तेव्हा

(कारखान्यातील अपघात, भरपाई आणि पुन्हा कामावर रुजू होणं याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक. नावं वगळली आहेत.)

प्रश्न : भोसरीत आमचं पॉवर प्रेसचं वर्कशॉप आहे. तीस वर्षांच्या ऑपरेटरच्या उजव्या तर्जनीचं टोक गेलं. पगार २६,००० असल्यामुळे तो ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नाही. आमची डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा) आहे. त्याला लवकर कामावर घेतलं तर भरपाई कमी बसेल का?

बोटाची भरपाई कमी होणार नाही. तो उद्या पूर्ण पगारावर रुजू झाला तरी नाही. बोटं, हात, डोळे यांसारख्या दुखापतींत कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं, हे भरपाई कायद्याच्या परिशिष्टात ठरलेलं आहे. तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के. हाड शाबूत राहून नुसतं टोक कापलं गेलं तर ५ टक्के. हिशेब असा : भरपाईसाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात (ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची). त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तीस वर्षं वयाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. त्याचे ९ टक्के १,६८,४६४ रुपये आणि ५ टक्के ९३,५९१. मधला पाऊण लाखाचा फरक ठरतो एक्स-रेवर. म्हणून पहिल्या दिवसाचा आणि शस्त्रक्रियेनंतरचा असे दोन्ही एक्स-रे फाइलला लावा. हाड किती गेलं, हे सर्जनकडून शब्दांत लिहून घ्या. नुसतं 'फिंगर इंज्युरी' लिहिलेल्या कागदावर पुढे वर्षभर वाद चालतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा भरपाई कायदा तिच्यात गेला. त्या तारखेआधीच्या अपघाताला जुना कायदा, नंतरच्याला संहिता. वर वापरलेलं सूत्र दोन्हीकडे तेच आहे.

लवकर रुजू होण्यानं वाचते ती पाक्षिक रक्कम. तात्पुरत्या असमर्थतेत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के द्यावे लागतात, म्हणजे वरच्या मर्यादेनं ३,७५०. असमर्थता २८ दिवस किंवा जास्त टिकली तर अपघाताच्या दिवसापासून, कमी टिकली तर पहिले तीन दिवस वगळून. तो हलक्या कामावर आला आणि पूर्ण पगार घेऊ लागला की ही रक्कम थांबते, कारण अपघातापूर्वीचं वेतन आणि आताची कमाई यांतल्या फरकाच्या निम्म्याहून ती जास्त असू शकत नाही. मात्र पगार कापून हलकं काम दिलंत, तर हा लाभ तुमच्या हातून निसटू शकतो.

आता ७,५०० महिना हा आकडा त्याच्या बाजूनं बघा. २६,००० मिळवणाऱ्याचं घर त्यावर चालत नाही. मग तो एकतर जखम ओली असताना येतो, नाहीतर घरी बसून दुसरं काही करू लागतो आणि परत येतच नाही. डाय (प्रेसचा साचा) सेट करताना ज्याची नजर बसली आहे असा माणूस गेला तर बदली मुलाच्या हातून होणारं स्क्रॅप आणि बिघडलेल्या डाय कुठल्याही पॉलिसीत भरून येत नाहीत. वाचवायची रक्कम तिथे आहे.

आणखी एक गळती उशिराची. भरपाई देय झाल्यावर महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, शिवाय कारण पटलं नाही तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. तुमच्या बाबतीत दंडच ८४ हजारांवर जाऊ शकतो आणि तो विमा कंपनी भरत नाही. औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकावरच आहे. पॉलिसीत वैद्यकीय खर्चाचा वाढीव भाग घेतला आहे का आणि माणशी मर्यादा किती, हे आजच काढून बघा. पगार कमी दाखवून प्रीमियम वाचवला असेल तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो. आपसात रक्कम ठरवून व्हाउचरवर सही घेणं तर मुळीच नको. करार सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात भरपाई आयुक्तांकडे) नोंदला नाही, तर पुढे पूर्ण रक्कम पुन्हा मागता येते आणि दिलेल्या पैशांची पूर्ण वजावट मिळत नाही.

प्रश्न : गोकुळ शिरगावला फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. डॉक्टर 'लाइट वर्क' एवढंच लिहून देतात. मग सुपरवायझर माणसाला गेटवर बसवतो. हलकं काम म्हणजे नक्की काय द्यायचं?

डॉक्टरांनी तुमचं मशीन पाहिलेलं नाही. ते 'लाइट वर्क' लिहितात, कारण त्यांना विचारलेलं तेवढंच असतं. त्यांच्याकडे एका पानाचा कागद पाठवा : माणूस काय उचलतो, किती किलो, जमिनीवरून की कंबरेच्या उंचीवरून, तासाला किती वेळा, उभं किती वेळ, कूलंट, तेल, उष्णता, कंप, उंचीवर किंवा फोर्कलिफ्टवर काम, रात्रपाळी. खाली डॉक्टरांसाठी रकाने ठेवा : कोणता हात वापरू नये, किती किलोपर्यंत चालेल, किती तास, गुंगी आणणारी औषधं चालू आहेत का, पुढची तपासणी कधी. शेवटचा रकाना बहुतेक कारखान्यांच्या फॉर्ममध्ये नसतो आणि मग हलकं काम सहा-सहा महिने चालतं. ट्रामाडॉल किंवा प्रीगॅबालिन अशी गुंगी आणणारी औषधं चालू असलेल्या माणसाला फोर्कलिफ्ट आणि शिडी दोन्ही बंद.

हाताची जखम आधी बघू, कारण मशीन शॉपमध्ये तीच जास्त. पट्टी बांधलेला हात फिरत्या मशीनजवळ जाता कामा नये. लेथ आणि ड्रिलवर हातमोजे का घालू देत नाहीत ते आठवा. पट्टीही तशीच गुंडाळली जाते. टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात, तोवर कूलंट आणि तेल टाळायचं. दोन हातांच्या बटणांचा प्रेसही नको. एका हातानं बटण नीट दाबलं जात नाही म्हणून दुसरं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवतात आणि पुढचा अपघात तिथेच होतो. डीबरिंग (कापलेल्या भागाच्या कडा घासून साफ करणं) हलकं वाटतं, पण त्यात धारदार कड आणि कंप दोन्ही आले. ते पहिल्या महिन्यात नाही. चालणारी कामं : गेजवर तपासणी, पहिल्या नगाची तपासणी, लहान भागांचं पॅकिंग, टूल क्रिबमधली (अवजारांच्या खोलीतली) देवघेव, डायच्या रॅकवर नावं आणि नंबर लावणं, नव्या मुलाला सेटिंग शिकवणं. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच कुणी देत नाही.

टोक गेलेलं बोट जखम भरल्यावरही महिनोन् महिने हुळहुळतं आणि थंडी सहन करत नाही. त्यावर उपाय साधा आहे, तो डॉक्टरांना विचारून सुरू करा. जखम पूर्ण भरल्यावर आधी कापूस, मग टॉवेल, मग तांदळाच्या वाटीत बोट फिरवणं, दर वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. स्नायुबंध शिवलेला असेल तर गणित वेगळं. बोट हलतं आहे म्हणून सहाव्या आठवड्यात वजन उचललं की शिवलेला बंध तुटू शकतो. जोर लावायला साधारण बारा आठवडे थांबावं लागतं. सुपरवायझरला हे वरून दिसत नाही, म्हणून त्याला लेखी द्या.

कंबर धरलेल्या मोल्डरचं (फाउंड्रीत साचे भरणाऱ्याचं) उलट आहे. त्याला अंथरुणात ठेवलं की तो आणखी आखडतो. हाड मोडलेलं नसेल, पायात बळ असेल, तर थोड्याच दिवसांत चालता-फिरता येणारं काम द्यावं. सुरुवात ५ किलोपासून, गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली. जमिनीवरून उचलणं नाही, वजन हातात धरून कंबरेत वळणं नाही, एका जागी अर्ध्या तासाहून जास्त बसणं नाही. दर आठवड्याला दोन-तीन किलो वाढवा. पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर ते कामाचं प्रकरण राहिलेलं नाही, त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं.

तासांची एक चालणारी आखणी : पहिला आठवडा चार तास, दुसरा सहा, तिसरा पूर्ण पाळी पण ओव्हरटाइम नाही, चौथ्यात डॉक्टरांची फेरतपासणी. पगार चारही आठवडे पूर्ण द्या. सहा आठवड्यांनंतरही तो मूळ कामावर जात नसेल तर हलक्या कामाची मुदत आपोआप वाढवू नका. काम त्याला जमत नाही, की मशीनची त्याला भीती बसली आहे, हे विचारा. प्रेसखाली बोट गेलेल्या माणसाला त्याच प्रेससमोर, अजूनही गार्ड (मशीनचं संरक्षक कवच) नसताना उभं केलं तर तो 'दुखतंय' म्हणणारच. आधी गार्ड बसवा.

गेटवर बसवणं हे हलकं काम नव्हे. आठवड्याभरात त्याला सगळे 'बसलेला' म्हणू लागतात आणि तो घरी जायची वाट बघतो.

प्रश्न : सातपूरला कारखाना. आमचा कामगार ईएसआयच्या रजेवर आहे आणि डॉक्टर रजा वाढवत आहेत. आम्ही हलकं काम देऊ म्हणतो, तो येत नाही. याचा आमच्या वर्गणीवर परिणाम होतो का?

होत नाही. तुमचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के, अपघात शून्य असोत की दहा. तेव्हा वर्गणी वाचवण्यासाठी त्याच्यामागे लागू नका. मोठा धोका दुसरीकडे आहे : त्याची वर्गणी भरलेली नसेल तर ईएसआय महामंडळ त्याला लाभ देतं आणि ती रक्कम तुमच्याकडून वसूल करतं.

तो का येत नाही, याचं उत्तर बहुधा आकड्यांत असतं. तात्पुरत्या असमर्थतेचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के असतो आणि जुन्या ईएसआय कायद्यात त्या सरासरीत ओव्हरटाइमही मोजला जात असे (नव्या संहितेनं वेतनाच्या व्याख्येतून तो वगळला आहे). सरासरी त्या काळातली असेल आणि तेव्हा त्यानं भरपूर ओव्हरटाइम केला असेल, तर घरी बसून मिळणारी रक्कम तुमच्या हलक्या कामाच्या पगारापेक्षा जास्त भरते. दोन्ही आकडे कागदावर मांडून बोला. कायद्यानं तुम्ही त्याला ओढून आणू शकत नाही. ज्या दिवशी तो काम करून पगार घेतो त्या दिवसाचा लाभ त्याला मिळत नाही, म्हणून ईएसआयच्या डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय हजेरीवर घेऊ नका. तोवर कामाचं वर्णन असलेलं ते एक पान दवाखान्यात पाठवा. लाभ चालू असताना काढून टाकणं किंवा शिक्षा करणं बेकायदा आहे. 'गैरहजर' म्हणून नोटीस पाठवायच्या आधी एवढं लक्षात घ्या.

प्रश्न : मी वाळूजला कामाला आहे. मनगट मोडलं. प्लास्टर घातल्यावर साहेबांनी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून बोलावलं, हजेरी लावून कँटीनमध्ये बसवलं. पगार पूर्ण मिळतो. यात माझं नुकसान आहे का?

आहे. अपघातामुळे ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ काम करता आलं नाही तर कारखान्याला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभागाला कळवावं लागतं. हजेरीची ती गाडी बहुधा हे घड्याळ थांबवण्यासाठी असते. अपघाताची नोंद झाली नाही आणि सहा महिन्यांनी मनगट वळेनासं झालं, तर ते कारखान्यात मोडलं हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. अपघात नोंदवहीत तारीख, वेळ, मशीन आणि साक्षीदार यांची नोंद आहे का ते बघा आणि तिचा फोटो काढून ठेवा. ईएसआय असेल तर कंपनीनं ऑनलाइन अपघात अहवाल भरला का, हे विचारा. खाजगी डॉक्टरांकडे गेला असाल तरी ईएसआय दवाखान्यात जाऊन केस पेपर काढा. प्लास्टर निघाल्यावर मूठ किती वळते आणि मनगट किती फिरतं, हे डॉक्टरांकडून अंशांत लिहून घ्या. ईएसआयमध्ये कायमच्या असमर्थतेची टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवतं आणि त्याच्यासमोर हाच कागद बोलतो.

प्रश्न : जखमी माणूस ठेकेदाराचा आहे. जबाबदारी कुणाची?

काम तुमच्या आवारात आणि तुमच्या धंद्याचा भाग म्हणून चालू असेल तर तो भरपाई तुमच्याकडे मागू शकतो. तुम्ही ती देऊन ठेकेदाराकडून वसूल करायची. पॉलिसीत ठेकेदाराच्या माणसांचा उल्लेख आहे का ते बघा, आणि दर महिन्याचं बिल देण्याआधी त्याचं ईएसआय चलन माणसांच्या यादीशी ताडून घ्या. हलकं काम देताना ठेकेदारालाही लेखी कळवा, नाहीतर तो त्या माणसाला परस्पर दुसऱ्या साइटवर पाठवतो.

प्रश्न : माझे पती एसटीत चालक आहेत. अपघातात पाय जायबंदी झाला, आता बस चालवता येणार नाही. नोकरी जाईल का?

जाऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २०(४) सरकारी आस्थापनांना लागू आहे आणि कायद्यानं स्थापन झालेली महामंडळं त्यात येतात. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. मूळ काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पदावर ठेवायचं. 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' असा शेरा आला की काही जण घाबरून राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देतात. तो देऊ नका. दिला की हे कलम आपण होऊन सोडल्यासारखं होतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. मग आगार व्यवस्थापकांमार्फत विभाग नियंत्रकांना लेखी अर्ज द्या. त्यात कलमाचा उल्लेख करा आणि बसून करता येण्याजोगी दोन-तीन कामं सुचवा : वाहतूक नियंत्रण, आरक्षण, भांडार. पोच घ्या, तिच्यावर तारखेचा शिक्का आहे ना ते तिथेच बघा.