बऱ्हाणपूरचा आहुखाना बघायला आई-वडिलांना नेण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय, जळगावहून एका दिवसात आई-वडिलांना जुना महाल आणि बाग दाखवायची आहे, आहुखान्याचं नाव ऐकलंय, पण तिथे आता काही उरलं नाही असं कुणीतरी सांगितलं. मी रावेरचा, घरी केळीची शेती. बऱ्हाणपूर आम्हाला बाजाराचं गाव, त्यामुळे आहुखान्यात पाच-सहा वेळा तरी गेलो असेन. नक्की न्या. फक्त ताटवे, हिरवळ, कारंजी असं काही मनात धरून नेऊ नका.

आणि थेट तिकडे जाऊ नका. आधी लालबागेकडचा कुंडी भंडारा बघा. १६१५ साली, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरून शहरापर्यंत आणलं. पंप नाही, मोट नाही, सगळं काम उतारावर. बोगद्याच्या वर ओळीने शंभरावर कुंड्या आहेत, विहिरीसारख्या. लिफ्ट चालू असेल तर खाली उतरा आणि भिंतीला हात लावा. पाण्यातल्या चुन्याची पुटं चढून दगड संगमरवरासारखा गुळगुळीत झालाय. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर वरून कुंडीत डोकावलं तरी चालेल, खालचं पाणी दिसतं. हे बघितल्याशिवाय तिथल्या बागा कळत नाहीत.

मग शाही किल्ला. तिथल्या हमामाच्या, म्हणजे शाही न्हाणीघराच्या छतावरचे रंग अजून टिकून आहेत, मान दुखेपर्यंत बघत राहावंसे. किल्ल्यावरून तापी दिसते आणि पलीकडे जैनाबाद. बुऱ्हाणुद्दीन आणि जैनुद्दीन या दोन सूफी संतांची नावं खानदेशच्या फारुकी सुलतानांनी दोन काठांना दिली. दोघांच्याही कबरी आपल्या खुलताबादेत आहेत.

आहुखाना त्या पलीकडच्या काठावर. आहू म्हणजे फारसीत हरीण. राजघराण्याचं शिकारीचं, हवापालटाचं ठिकाण होतं ते. आता पडका महाल, कमानी, कोरडा हौद आणि गवत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही पाच मिनिटांत परत निघालो होतो. दुसऱ्या वेळी हौदाच्या कडेला उकिडवा बसलो आणि शेतात पाट काढताना बघतो तसं बघायला लागलो : पाणी कुठून आलं असेल, कुठे वळलं असेल, झाडं कुठे असतील. तेव्हा ती जागा मला दिसायला लागली. तुम्हीही घाई करू नका, तासभर तरी द्या.

या बागेतच मुमताज महलला पहिल्यांदा पुरलं होतं. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर बऱ्हाणपुरात होता. १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात ती गेली. डिसेंबरात तिचं शव आग्र्याला नेलं, ताजमहाल त्यानंतरचा. पण मला त्या सालाची दुसरी गोष्ट जास्त लागते. तेव्हा गुजरात, दख्खन, खानदेशात भयंकर दुष्काळ होता. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम केला. बागेत उभं राहून हे आठवलं की पोटात तुटतं.

इथलीच आणखी एक गोष्ट सांगतात. १६५३ साली दख्खनचा सुभेदार असलेला औरंगजेब या बागेत आला होता. हिराबाई नावाच्या मुलीने उडी मारून आंबा तोडला आणि तो जागच्या जागी खिळला. पुढे ती जैनाबादी म्हणून ओळखली गेली.

जायचं तर भुसावळ-खंडवा मार्गावरची गाडी धरा, स्टेशन लालबागेतच आहे. स्वतःची गाडी असेल तर भुसावळ किंवा यावलवरून रावेर गाठा आणि पुढे सरळ. हिवाळाच बरा. पाणी सोबत ठेवा. जैनाबादला जाताना जेवण उरकून जा, येताना मावा जिलेबी घ्या. आहुखान्यात ऊन उतरल्यावर पोचा, पण अंधार करू नका.

गेल्या वर्षी मी आईला नेलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "आन त्या तान्ह्या पोरीचं काय झालं रे मग?" मला तेव्हा सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं. पोरीचं नाव गौहरआरा. ती जगली, १७०६ पर्यंत.