खोली रविवारी द्यायची आहे म्हणून

चिरंजीवास आशीर्वाद.

परवा शहापुरात तुझ्या दारात मी रागावून निघून आलो, म्हणून हे लिहितोय. ढेकणांची खोली रविवारी नव्या भाडेकरूला द्यायची, गोदामातल्या ओळखीनं धान्यात ठेवायच्या गोळ्या मिळतायत, चार ठेवून दार लावून घेतो, त्याला कशाला सांगायचं, असं तू म्हणालास. गोळ्यांपेक्षा तुझं ते शेवटचं वाक्य मला लागलं.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. त्यांना पाणी लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो, आणि आपल्याकडच्या जुलैत तो भिंतींनाही फुटतो. त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. तुझ्या मधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नाहीत. एका खोलीतला खोकला तिसऱ्या खोलीत ऐकू येतो. पलीकडे आजी झोपतात, माहीत आहे ना? ही गोळी सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालचे पेस्ट कंट्रोलवाले यांच्याशिवाय कुणाला विकायलाच बंदी आहे. गोदामवाल्यानं दिली तरी घेऊ नकोस.

सोळा वर्षांपूर्वी वडगावच्या खोलीत भाडेकरू कामावर गेल्यावर मी मोरीत ॲसिड ओतलं. घासायचं बाकी होतं, तेवढ्यात कुणी बोलावलं म्हणून गेलो. दुपारी ती बाई परत आली आणि मोरी निसरडी दिसली म्हणून तिनं ब्लिचिंग पावडरचं पाणी ओतलं. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन सुटतो, आणि तिनं दार लावलेलं. चार दिवस दवाखान्यात होती. महिनाअखेरीस त्यांनी खोली सोडली.

मी काही मिसळलं नव्हतं. मोरी साफ करून देणं माझं कामच होतं, असं मी तिच्या नवऱ्याला सांगितलं, आणि ते आजही खोटं नाही. पण 'वहिनी, ॲसिड ओतलंय, संध्याकाळपर्यंत मोरीत जाऊ नका' हे सात शब्द मी बोललो नाही. आधी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून काय टाकलं, कधी टाकलं, दार कधी उघडायचं, हे मी दारावर खडूनं लिहितो. भाडेकरू बिथरतात म्हणतात. दोघं-तिघं गेलेही. जाऊ देत. आधी सांगायचं म्हणजे सांगायचं.

ढेकणांना उष्णता सोसत नाही. ५० अंशांच्या वर अंडीही मरतात. चादरी-उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यातून काढ, खाटेच्या खाचांत आणि गादीच्या शिवणीत वाफ दे, भिंतीच्या भेगा बुजव. उरलेल्यासाठी परवाना असलेला माणूस बोलाव, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलाव, आणि औषधाचं नाव बिलावर लिहून घे. नाव सांगायला कचरतो त्याला परत पाठव. आणि हो, दारांचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नकोस, पाणी मारून घास. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुझी दारं आजोबांच्या वेळची.

रविवार पुढं ढकल. एका महिन्याचं भाडं बुडेल, बुडू दे. त्या माणसाला आजच फोन करून सांग की ढेकूण आहेत, अमुक औषध मारणार आहे, इतके दिवस खोली बंद राहील. आजींना मात्र जाऊनच सांग, आणि जरा मोठ्यानं. त्यांना ऐकू कमी येतं.

तुझा,
काका