टेम इम्पाला या ऑस्ट्रेलियन बँडच्या 'करंट्स' अल्बमवर समीक्षक खूश होते, मग जुने चाहते नाराज का?

नाराजी मुख्यतः गिटारवरून होती. बँडचा कर्ताधर्ता केव्हिन पार्करच्या आधीच्या 'लोनरिझम' अल्बममध्ये (२०१२) फझ गिटार, म्हणजे मुद्दाम घरघरता केलेला गिटारचा आवाज, पुढे होती. २०१५ च्या 'करंट्स'मध्ये तिची जागा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), डिस्कोचा ठेका आणि आर अँड बी वळणाच्या बासने घेतली. समीक्षकांना हाच बदल भावला. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी ९.३ गुण दिले, ऑस्ट्रेलियात एरिया (ARIA) संगीत पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला, ग्रॅमी नामांकनही मिळालं.

माझ्या मते खरा मुद्दा मिक्सिंगचा, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवण्याचा आहे. आधीचे दोन अल्बम डेव्ह फ्रिडमनने मिक्स केले होते, त्यांत ड्रम मुद्दाम फाटल्यासारखे वाजतात. 'करंट्स' पार्करने स्वतः मिक्स केला, त्यामुळे आवाज स्वच्छ, प्रत्येक थर सुटा. ज्यांना तो खरखरीतपणा हवा होता त्यांना हे गुळगुळीत वाटणारच.

'करंट्स'मधलं पावणेआठ मिनिटांचं 'लेट इट हॅपन' हेडफोनवर ऐका. मध्येच सीडी अडकल्यासारखा एकच तुकडा फिरत राहतो. तो बिघाड नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. 'पास्ट लाइफ' या गाण्यातलं आवाज जड केलेलं निवेदन मात्र मलाही खटकतं. अल्बममधलं शेवटचं गाणं गायिका रिहानाने २०१६ मध्ये तिच्या 'अँटी' अल्बमवर जवळपास जसंच्या तसं गायलं, यावरून त्याची पोच कळते.